संगणक दुरुस्तीची हातची अवजारं: बिटांची मोठी पेटी की मोजकी चांगली टोकं?

खाचखळगे (धागाकर्ता)

डेस्कटॉप आणि लॅपटॉप उघडायच्या कामासाठी हातची अवजारं निवडताना नेमकं काय बघायचं, हे एका जागी यावं म्हणून हा धागा काढतोय. सोल्डरिंग आणि मल्टिमीटर इथे नकोत, त्यांच्यासाठी वेगळा धागा काढू.

माझं मत आधीच सांगतो. दीडशे बिटांच्या (एकाच मुठीत बदलून बसवायच्या सुट्या टोकांच्या) पेटीआधी तीन स्क्रूड्रायव्हर घ्या: पीएच०, पीएच१ आणि पीएच२ (पीएच म्हणजे फिलिप्स, अधिकच्या चिन्हासारखी खाच). प्रत्येकाला स्वतःची मूठ आणि एकसंध दांडा हवा. संगणकातले बहुतेक स्क्रू या तिघांत येतात आणि खाच मरते, म्हणजे घासून निकामी होते, तीही यांचीच. टॉर्क्सची, म्हणजे सहा टोकांच्या ताऱ्याची, खाच सहसा तग धरते. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे फिरवण्याचा जोर टोकाला आपोआप बाहेर ढकलतो. टोक जरा झिजलेलं किंवा एक नंबर लहान असलं की ते उडी मारतं आणि प्रत्येक उडीला खाचेची कड थोडी सोलते. म्हणून पैसे फिलिप्सच्या टोकावर खर्च करावेत.

कोणत्या स्क्रूला कोणतं टोक, याचं आयएसओ ७०४५ या आंतरराष्ट्रीय मानकातलं कोष्टक असं (एम पुढचा आकडा म्हणजे स्क्रूचा मिमीतला व्यास): एम१.६ आणि एम२ ला पीएच०, एम२.५ आणि एम३ ला पीएच१, एम३.५ ते एम५ ला पीएच२. कॅबिनेटचा इंची मापाचा ६-३२ स्क्रू पीएच२ चा. पण हे कोष्टक पॅन हेडचं, म्हणजे जाड गोलसर डोक्याच्या स्क्रूंचं आहे. लॅपटॉपच्या तळाच्या स्क्रूंची डोकी चपटी आणि खाच उथळ असते, तिथे एम२.५ वरही पीएच० निघतो. उलट डेस्कटॉपमधल्या कित्येक एम३ स्क्रूंना पीएच२ लागतो. कोष्टकावरून सुरुवात करा आणि निर्णय बसणीवर घ्या.

बसण अशी तपासा. एक सुटा स्क्रू चिमट्यात उभा धरा, डोकं वर. टोक खाचेत नुसतं ठेवा, दाबू नका, आणि मूठ दोन बोटांत धरून किंचित डावी-उजवीकडे फिरवा. टोक बरोबर असेल तर दांडा स्क्रूच्या रेषेत सरळ उभा राहतो आणि फिरवताना खुळखुळ लागत नाही. लहान टोक तळाला टेकतं, पण त्याच्या पाखांना भिंती लागत नाहीत. मोठं टोक वरच अडतं आणि डुलतं. शंका असेल तर आधी मोठं लावून बघा, बसलं नाही तर एक नंबर खाली या. लहानापासून सुरुवात केली तर बरोबरचं टोक हाती येईपर्यंत खाच गेलेली असते.

---

मायक्रोमीटर

सहमत, पण पीएच०० आणि पीएच००० बद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. आयएसओ ४७५७ मध्ये क्रॉस खाचेचे आकार ० ते ४ एवढेच आहेत. ०० आणि ००० हे उत्पादकांनी पुढे नेलेले आकडे आहेत, त्यामुळे एकाचं पीएच०० दुसऱ्याच्या पीएच०० सारखं बसेलच असं नाही. कीबोर्डखालच्या बारीक स्क्रूंवर सारखी घसरण होत असेल तर हाताला दोष देण्याआधी दुसऱ्या कंपनीचं टोक लावून बघा.

दुसरं, जेआयएस, म्हणजे जपानी मानक. जपानी क्रॉस खाच दिसायला फिलिप्ससारखीच असते, पण जेआयएस टोकाच्या पाखांमधला कोपरा जास्त तीक्ष्ण असतो आणि टोक खाचेत खोल उतरतं. जेआयएस टोक फिलिप्स स्क्रूत व्यवस्थित चालतं. फिलिप्स टोक जेआयएस स्क्रूत मात्र अर्धवट बसतं आणि उडी मारतं. जपानी बनावटीचे प्रिंटर, जुने ऑप्टिकल ड्राइव्ह आणि काही लॅपटॉप यांत हा फरक हाताला चांगलाच कळतो. काही जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो, सगळ्यांवर नसतो. म्हणून पीएच१ आणि पीएच२ घेताना व्हेसलसारख्या जपानी कंपनीची टोकं घेतली तर दोन्ही कामं एकाच अवजारात होतात.

आणि पोझिड्रिव्ह (पीझेड) फिलिप्सच्या जागी वापरू नका. पीझेड टोकावर चार पाखांच्या मधे आणखी चार बारीक कडा असतात. त्या फिलिप्सच्या खाचेत मावत नाहीत, म्हणून टोक वरच तरंगतं. मिश्र पेटीत पीएच२ च्या शेजारी पीझेड२ ठेवलेलं असतं आणि घाईत नेमकं तेच उचललं जातं.

---

सहा_बत्तीस

डेस्कटॉपवाल्यांसाठी भर.

पीएच२ चा दांडा किमान १५० मिमी हवा. प्रोसेसरवरच्या उंच टॉवर कूलरच्या पट्टीचे स्क्रू पंख्याच्या आणि पत्र्यांच्या मधून गाठावे लागतात. आखूड दांडा तिरपा लागतो आणि तिरप्या टोकानं खाच मरते. दांडा जाड नको, ६ मिमी पुरे.

नट ड्रायव्हर (षटकोनी पोकळ तोंडाचे) दोन घ्या. मदरबोर्डखालच्या पितळी स्टँडऑफला, म्हणजे बोर्ड उचलून धरणाऱ्या खुंटीला, बहुतेक वेळा ५ मिमी लागतो, एम३ च्या नटाला ५.५ मिमी. स्टँडऑफ पक्कडीनं आवळू नका. पितळ मऊ असतं, कडा गोल होतात, आणि पुढच्या वेळी बोर्डाचा स्क्रू सोडवताना स्टँडऑफच खालून फिरायला लागतो. मग बोर्ड निघत नाही. व्हीजीए किंवा सिरियल पोर्टच्या बाजूचे षटकोनी स्क्रूसुद्धा ५ मिमीनंच निघतात.

६-३२ आणि एम३ चे डबे वेगळे ठेवा. ६-३२ चा बाहेरचा व्यास ३.५ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.७९ मिमी, एम३ चं तेच अंतर ०.५ मिमी. शेजारी धरले की ६-३२ चे आटे विरळ दिसतात. साडेतीन इंची हार्ड डिस्कला ६-३२, अडीच इंची ड्राइव्हला एम३. ६-३२ जोर लावून एम३ च्या भोकात घुसवला की ड्राइव्हच्या चौकटीचे आटे गेलेच.

---

बिटपेटी

पेटीवाल्यांची बाजू मांडतो. सुटे स्क्रूड्रायव्हर फिलिप्सपुरते ठीक, पण मॅकबुकच्या तळाला पाच पाकळ्यांचा पी५ म्हणजे १.२ मिमी लागतो, आत टॉर्क्सचे टी३, टी५ निघतात. हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डाला अनेकदा टी६ आणि झाकणाला टी८. कुठे मधे भोक असलेला सुरक्षा टॉर्क्स. एवढे वेगवेगळे दांडे ठेवून टेबलावर जागा उरणार नाही. पी५ च्या जागी टॉर्क्स चालवू नका. पाच पाकळ्यांत सहा टोकं कधीच नीट बसत नाहीत आणि ते स्क्रू मऊ असतात.

पेटी घेताना बघायचं ते बिटाचं बूड. नाजूक कामाची बिटं ४ मिमी षटकोनी बुडाची असतात, मोठी पाव इंची म्हणजे ६.३५ मिमीची. लॅपटॉपला ४ मिमीच घ्या. पाव इंची बिट आणि ते धरणारं मुठीचं जाड तोंड खोल भोकात उतरतच नाही, टोक स्क्रूपर्यंत पोचण्याआधी तोंड प्लास्टिकला अडतं. ४ मिमीची बिटं बऱ्याच कंपन्या बनवतात, म्हणून झिजलेलं एखादं टोक सुटं बदलता येतं. कंपनीनं स्वतःचंच वेगळं माप ठेवलेलं असेल तर ती पेटी घेऊ नका.

बिट मुठीच्या तोंडात घालून बोटानं हलवा. डुगडुगत असेल तर तो सगळा डुगडुगाट स्क्रूच्या खाचेत उतरणार.

---

खाचखळगे

@बिटपेटी, विशेष टोकांसाठी पेटी हवीच, त्यात वाद नाही. माझं म्हणणं क्रमाचं आहे. रोजची तीन टोकं पेटीतली वापरली तर पेटी फिलिप्सपासूनच झिजते आणि उरलेली सगळी बिटं नवी कोरी राहतात.

पोलादाबद्दलही लिहितो, कारण जाहिरातीत सगळं 'एस२' म्हणून विकलं जातं. एस२ हे धक्का सोसणारं टूल स्टील. बिटांसाठी ते साधारण ५८ ते ६० रॉकवेल सीपर्यंत (कडकपणाचं माप) कडक करतात. क्रोम व्हॅनेडियमचे दांडे त्याहून मऊ असतात. कडक टोक हळू झिजतं, पण बारीक आकारात कडकपणाची किंमत मोजावी लागते. पीएच००० किंवा टी३ च्या टोकाला आडवा जोर बसला तर ते वाकत नाही, तुटतं, आणि तुकडा खाचेतच अडकतो. स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटायचा मोह टाळायचा तो यासाठीच. एस२ गंजतंही. घामट हातानं वापरलेलं टोक पेटीत ठेवण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसा.

विकत घेताना भिंगाखाली टोक बघा. चारही पाखं सारख्या जाडीची हवीत, टोकाचा मध्य दांड्याच्या मध्यावर हवा. स्वस्त बिटांवर क्रोमचा जाड थर असतो. त्यानं कडा गोलसर होतात आणि पहिल्या काही वापरांतच थर सोलून निघतो. चांगल्या बिटाचं अगदी टोक बरेचदा थर न चढवलेलं, राखाडी किंवा काळं असतं.

---

स्थिरविद्युत

मुठीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. १००० व्होल्टची इन्सुलेटेड अवजारं 'जास्त सुरक्षित' म्हणून संगणकाच्या कामाला घेतली जातात. ती आयईसी ६०९०० प्रमाणे चालू वीजवाहिनीवर काम करण्यासाठी असतात आणि त्यांची चाचणी १०,००० व्होल्टला होते. तो जाड प्लास्टिकचा थर पक्का विद्युतरोधक आहे. घासला की भार साठवतो आणि मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा असला तरी तो भार वाहून जात नाही. मदरबोर्डवर हवी ईएसडी (स्थिर विजेपासून जपणारी) मूठ, जी भार हळूहळू हातात आणि हातातून जमिनीत उतरवते. अशा साहित्याचा रोध १० हजार ते १०० अब्ज ओहमच्या पट्ट्यात येतो. ईएसडी मुठीवर त्रिकोणात हात आणि त्यावर कमान असं चिन्ह असतं. हातावर आडवी रेघ असेल तर ते चिन्ह 'हा भाग स्थिर विजेला नाजूक आहे' असं सांगतं, अवजाराबद्दल ते काहीच सांगत नाही.

ईएसडी मूठ झटक्यापासून वाचवत नाही. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या जवळपास दाब उरलेला असू शकतो. तिथे ही अवजारं घालू नका. तो डबा या धाग्याच्या अवजारांनी उघडायचाच नाही.

मनगटपट्ट्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टला हात लागला तर पट्ट्यातून जाणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आत राहतो. वायरचं बटण आणि क्लिप यांच्यामधे मीटर लावून १ मेगाओहमच्या आसपास दाखवतो का, ते महिन्यातून एकदा बघा. वायर आतून तुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही. माणसाला ठिणगी जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टला. नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतही खराब होऊ शकते. 'मला तर काही झटका लागला नाही' यावर म्हणून विसंबता येत नाही.

---

उघडझाप

चुंबकी टोकानं हार्ड डिस्क किंवा एसएसडीतला डेटा जातो का? पेटीवर मॅग्नेटिक लिहिलं असेल तर टाळावं का?

---

मायक्रोमीटर

@उघडझाप, नाही. एसएसडी आणि रॅममध्ये डेटा चुंबकानं साठवलेला नसतो. हार्ड डिस्कच्या तबकड्या धातूच्या डब्यात असतात आणि हेड हलवणारं चुंबक डिस्कच्या आतच असतं, टोकापेक्षा कैक पट जोरदार.

त्रास वेगळाच होतो. चुंबकी टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो आणि तो बोर्डावर पडतो. शिवाय फार जोरदार चुंबक असेल तर बसवलेला बारीक स्क्रू टोकाबरोबर परत वर येतो. टोक इतपतच चुंबकी हवं की एम२ चा स्क्रू उलटा धरला तरी पडू नये. छोटा मॅग्नेटायझर ठोकळा ठेवा. एका भोकातून टोक फिरवलं की चुंबकत्व चढतं, दुसऱ्या बाजूनं उतरतं.

---

चिमटीत

स्क्रू झाले, आता चिमटे आणि उचकटायच्या काड्या. लॅपटॉपचं खरं नुकसान बहुधा इथेच होतं.

चिमट्यांवरचे आकडे जुन्या स्विस पद्धतीचे आहेत. 'एए' जाड आणि दणकट, '५' अतिशय बारीक, '७' वाकडा बारीक, '२ए' सपाट गोलसर टोकांचा. पुढे 'एसए' असेल तर स्टेनलेस आणि अचुंबकी. सुरुवातीला एक 'एए' आणि एक '७' पुरे. '५' नं स्क्रू उचलू नका, टोकं वाकतात आणि वाकलेल्या टोकांना कामात काही किंमत नाही. तपासायला चिमटा उजेडासमोर धरून हळूहळू मिटा. टोकं आधी टेकली पाहिजेत, मग दाब वाढवला की फट मागच्या बाजूनं मिटत गेली पाहिजे. मधला भाग आधी टेकून टोकं फाकत असतील किंवा एकमेकांवर चढत असतील तर तो चिमटा ठेवून द्या.

काड्यांत काळी नायलॉनची ईएसडी काडी पहिली. तिचं चपटं टोक कनेक्टरला, निमुळतं टोक कुलपाला. धातूची पातळ पट्टी फक्त बाहेरच्या सांध्यात पहिली फट पाडण्यापुरती, तीही ४ ते ५ मिमीच्या आत. त्यापुढे ०.७ ते १ मिमी जाडीचा गिटारचा पिक सरकवत न्या. खटके एकामागून एक सुटतात, पट्टीनं मात्र तुटतात. बॅटरीच्या जवळपास धातू अजिबात नको. मऊ आवरणाच्या पाऊच सेलला भोक पडलं की आग लागू शकते.

कनेक्टरांचे तीन प्रकार लक्षात ठेवा, कारण काडी कशी लावायची ते त्यावर ठरतं. टचपॅड आणि कीबोर्डच्या चपट्या फितीवर झडपेचं कुलूप असतं. झडप ९० अंशांत वर उचला आणि मग फीत सरळ मागे घ्या. झडप कोणत्या बाजूला आहे हे आधी बघा, कारण ती फितीच्या विरुद्ध बाजूलाही असते आणि चुकीच्या बाजूनं उचकटली तर मोडते. पडद्याच्या केबलला बहुधा धातूची कडी असते. ती उलटी करून केबल बोर्डाला समांतर ओढायची, वर नाही. वायफाय अँटेनाची गोल टोपी उलट, सरळ वर उचलायची, दोन्ही बाजूंनी सारखी. हिरोसेच्या यू.एफएल कनेक्टरची काढघालीची मर्यादा ३० वेळा दिलेली आहे, तेव्हा उगाच काढून बघू नका.

झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवण्याचं. बाकी सगळं नंतर.

---

उघडझाप

धन्यवाद. मेलेल्या खाचेचा स्क्रू असेल तर? रबर लावून बघतात तसं?

---

खाचखळगे

रबर पट्टी कधीमधी चालते, पण ती पहिली पायरी नको. रबर मधे आलं की टोक खाचेत कमीच उतरतं. या क्रमानं जा:

आधी खाच साफ करा. सुईनं धूळ, रंग, जुनं गोंद काढा. खाच गेल्यासारखी वाटते ती बरेचदा नुसती भरलेली असते.

मग एक नंबर मोठं किंवा जेआयएसचं टोक, नवं कोरं. हातानं मोजायचं तर दाब ७० टक्के, फिरवणं ३० टक्के. लॅपटॉप पालथा टेबलावर हवा, मांडीवर नको.

तरी नाही निघाला तर गोंदाचा विचार करा. बिजागरीच्या आणि बऱ्याच तळाच्या स्क्रूंच्या आट्यांवर स्क्रू सुटू नये म्हणून लावलेल्या गोंदाचा निळा थर असतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद टेकवा, थर मऊ पडतो, लगेच फिरवा. स्क्रू प्लास्टिकमधल्या पितळी नळीत असेल तर वेळ अगदी कमी ठेवा. नळी तापली की ती प्लास्टिकमधून सुटते आणि मग स्क्रूसकट नुसती फिरत राहते.

त्यापुढे डोकं वर आलेलं असेल तर पक्कड. एन्जिनिअर या जपानी कंपनीची पीझेड-५८ यासाठीच आहे, जबड्याच्या टोकाला उभे दाते असल्यामुळे डोकं समोरून पकडता येतं. डोकं खोलगट भोकात असेल तर मेलेल्या खाचेत जरा मोठं टॉर्क्स बिट हलक्या टोल्यानं बसवा. टोल्याआधी बॅटरी आणि हार्ड डिस्क काढलेली हवी. या कामाला एक स्वस्त टॉर्क्स संच वेगळा ठेवा, चांगला संच यात घालू नका.

कापून खाच पाडणं मी बोर्डाजवळ करू देणार नाही. लोखंडाचा कीस कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

---

सहा_बत्तीस

आवळण्याबद्दल दोन ओळी. बॅटरीवर चालणारा छोटा स्क्रूड्रायव्हर स्क्रू काढायला उत्तम, लावायला फक्त शेवटच्या अर्ध्या फेऱ्यापर्यंत. एम२ ला साधारण ०.१५ ते ०.२ न्यूटन-मीटर पुरतो, म्हणजे मूठ तीन बोटांत धरून टेकेपर्यंत आणि वर थोडंसं. तळहातानं आवळला की प्लास्टिकमधली नळी उपसते.

कूलरचे चार स्क्रू कर्णरेषेत, प्रत्येकी दोन-दोन फेरे. एएमडीच्या थ्रेडरिपर प्रोसेसरचं सॉकेट अपवाद. त्याच्यासोबत १.५ न्यूटन-मीटरला टक् करणारा टी२० पाना मिळतो, तोच वापरा, आणि क्रम सॉकेटवर छापलेला पाळा: लावताना १-२-३, सोडताना ३-२-१.

---

चिमटीत

कटर राहिलाच. केबल टायसाठी फ्लश कटर घ्या, ज्याच्या पात्याची एक बाजू सपाट असते. सपाट बाजू टायच्या गाठीकडे ठेवून कापलं की शेपूट गाठीला समपातळीत कापली जाते. साध्या कटरनं तिरपी धार उरते आणि पुढच्या वेळी कॅबिनेटमध्ये हात घातला की बोट कापतं. या कटरनं पोलादी तार, स्क्रू किंवा पेपरक्लिप कापू नका, पात्याला लगेच खाच पडते. उजेडासमोर मिटून बघा, पात्यांमधून उजेड दिसला तर तो कटर बाद.

आणि एक व्हर्निअर कॅलिपर, प्लास्टिकचा चालेल. लॅपटॉपच्या तळाला ३, ५ आणि ८ मिमीचे स्क्रू एकाच डोक्याचे असू शकतात. ३ मिमीच्या जागी ५ मिमीचा गेला तर तो बोर्डात किंवा पामरेस्टमधून वर निघतो. काढतानाच कागदावर तळाचं चित्र काढून स्क्रू जागच्या जागी चिकटपट्टीनं लावून ठेवा.

---

उघडझाप

टोक कधी बदलायचं हे कसं ओळखायचं?

---

खाचखळगे

नवा, न वापरलेला स्क्रू घ्या आणि वर सांगितलेली बसणीची चाचणी करा. टोक नवं असताना खुळखुळ नव्हती आणि आता आहे, तर बदला. भिंगाखाली पाखांच्या कडा चकाकत असतील, विशेषतः सोडवायच्या दिशेच्या, तर तिथलं पोलाद घासलेलं आहे. पीएच० सगळ्यात आधी जातं, म्हणून त्याचं एक जास्तीचं आणून ठेवा. जुनं टोक घासून धार लावायच्या फंदात पडू नका, उतार बदलतो आणि ते आणखी वर बसतं. त्याला रंगाचा ठिपका लावा आणि गोंद खरवडायला वापरा, म्हणजे चुकून परत स्क्रूवर जाणार नाही.